दोरी सुराच्या हातात

सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर आवाजाची पट्टी चित्रांच्या कडेने छापलेली असते, पण कुठल्याही चित्राचा आवाज त्या चित्राशेजारी सापडत नाही. पडद्यावर टाळी वाजताना दिसते ती चौकट घ्या; तिचा आवाज तिच्या सव्वीस चौकटी पुढे असतो. गावात सिनेमा दाखवायला फिरती गाडी यायची, तिच्यावरच्या ऑपरेटरने मला हे सांगितलं तेव्हा मी सातवीत होतो आणि तो थट्टा करतोय असं वाटलं. मग त्याने फिल्म हातात घेऊन दाखवलं. दिव्यासमोर चित्राला दर खेपेला क्षणभर थांबावं लागतं, नाहीतर पडद्यावर नुसता फराटा उमटेल. आवाजाला थांबून चालत नाही. थांबला की त्याचा खडखडाट होतो. म्हणून चित्र एका ठिकाणी वाचायचं, आवाज दुसऱ्या ठिकाणी, आणि दोहोंच्या मध्ये फिल्मला सैल झोळ द्यायचा.

चित्र थांबत थांबत चालतं, आवाज अखंड वाहतो. या पुस्तकाचा विषय असलेले लघुपट याच एका विजोडातून जन्मले आहेत. ॲनिमेशन हे दोन चित्रांमधल्या थांब्याचं काम. एका सेकंदाला चोवीस चौकटी. प्रत्येक चित्र दोन चौकटींना वापरलं तर बारा चित्रं. पाच मिनिटांच्या फिल्मसाठी ७,२०० चौकटी, म्हणजे ३,६०० चित्रं. रोज तीस चित्रं काढणारा माणूस चार महिने एकही सुट्टी न घेता बसला तर पाच मिनिटं हाती येतात. असे लघुपट पाच-सात मिनिटांचेच का असतात, असं लोक विचारतात तेव्हा मी हा हिशेब मांडतो. लांबी इथे हौसेने ठरत नाही, मनगटाने ठरते.

त्या चार महिन्यांत काढणाऱ्याच्या हाताशी धरायला काय असतं? गोष्ट असेलच असं नाही. या प्रकारात ती पुष्कळदा नसते. हाताशी असतो तो आवाज. तो बहुधा आधी ध्वनिमुद्रित करतात, चौकटींत मोजतात, कागदावर त्याचा आराखडा काढतात आणि मग त्यावर चित्रं रचतात. मी स्वतः पहिल्या खेपेला उलट केलं. आठ महिने चित्रं काढली आणि शेवटच्या आठवड्यात त्यांवर संगीत चढवलं. परिणाम लग्नाच्या व्हिडिओवर गाणं लावावं तसा झाला. चित्रं एकीकडे, वाद्यं एकीकडे आणि दोघांत बोलाचाल नाही. हे पुस्तक लिहिण्यामागचं खरं कारण ती फसलेली तीन मिनिटं आहेत.

सांगलीकरांना ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन पाठ असतो. चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं, हेही पाठ असतं. त्या खेळाची रचना कशी होती याकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. पदं सगळी सूत्रधाराच्या तोंडी. तो आपल्या साथीदारांसह कडेला उभा राहून कथा गाणार आणि राम, जनक, रावण त्या गाण्यावर हावभाव करणार. मधली भाषणं आयत्या वेळी सुचतील तशी. राक्षसांच्या आरोळ्यांवरून या खेळांना पुढे ‘अलल्डुर्र’ची नाटकं असं नावच पडलं. म्हणजे आवाज एका जागी, आकृती दुसऱ्या जागी आणि दोघांना बांधणारी लय, ही मांडणी सांगलीच्या प्रेक्षकाने चित्रपट जन्मायच्या पन्नास वर्षं आधी पाहिली होती. कारवारकडच्या भागवत मंडळींचे खेळ पाहून भाव्यांना ती सुचली, तेव्हा मूळ शोधायचं तर घाटाखाली यक्षगानापर्यंत जावं लागेल. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, आणि रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा खेळवल्या. सूत्रधार हा शब्दच मुळात बाहुल्यांच्या दोऱ्या धरणाऱ्यावरून आला, असं एक मत आहे. पंडित त्यावर भांडोत. मला या वादात एवढंच महत्त्वाचं वाटतं की सांगलीच्या खेळात गाणारा माणूसच दोरी धरत होता.

हीच मांडणी मराठी मुलखात इतरत्रही दिसते. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले चित्रकथी रंगवलेली चित्रं एकामागून एक समोर धरत कथा गातात. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाल्यावर वर्तमानपत्रांनी या कलेला ‘लुप्त होणारी’ म्हणून हळहळ व्यक्त केली. मला ती एडिटिंगची शाळा वाटते. चित्र कधी बदलायचं हे तिथे गाणं ठरवतं. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ केले. काचेवरची चित्रं सरकवून हालचालीचा भास आणि जोडीला प्रत्यक्ष गाणं-बोलणं, असा तो प्रकार. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या वेलाची वाढ थोडी थोडी टिपली आणि १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यांना चालायला लावलं. या फिल्म मुक्या होत्या, पण थिएटरात पेटी-तबला असेच. मुकं सिनेमागृह ही नंतरच्या लोकांची कल्पना आहे.

युरोपात हा प्रकार चित्रकारांनी सुरू केला. १९२१ साली वॉल्टर रुटमनने ‘ओपुस १’ केला, पाठोपाठ हान्स रिख्टर आणि व्हायकिंग एगेलिंग आले. गोल, चौकोन, पट्टे पडद्यावर वाढायचे, आकसायचे. संगीताला जसा विषय लागत नाही तसा चित्रालाही का लागावा, हा त्यांचा प्रश्न. याला ‘दृश्यसंगीत’ म्हणण्याची पद्धत पडली आणि यातला सगळ्यात हट्टी माणूस ऑस्कर फिशिंगर. १९३२ मध्ये त्याने कागदावर नक्षी काढली, तिचे फोटो फिल्मच्या ध्वनिपट्टीवर उतरवले आणि प्रोजेक्टरमधून वाजवले. नक्षी कशी ऐकू येते, हे त्याला पाहायचं होतं. दारातल्या रांगोळीच्या वेलबुट्टीचा सूर लावून पाहावा, तसलाच हा उद्योग. पुढे तो अमेरिकेला गेला, डिस्नेच्या ‘फँटेशिया’वर काम करून वैतागून बाहेर पडला आणि १९४७ साली बाखच्या संगीताला धरून त्याने ‘मोशन पेंटिंग नंबर १’ हे एकच तैलचित्र ब्रशच्या फटकाऱ्या-फटकाऱ्याने वाढवत नेलं.

डिस्नेचा रस्ता वेगळा होता. १९२८च्या ‘स्टीमबोट विली’मध्ये उंदराने शिट्टी घातली की शिट्टी, पाय आपटला की ढोल. आवाज चित्राच्या पावलावर पाऊल टाकतो. लोक बेहद्द खूश झाले आणि अजून आहेत. या युक्तीला मिकीचंच नाव मिळालं, पुढे ते टिंगलीने घेतलं जाऊ लागलं. मी टिंगल करणार नाही. गण-गवळणीत मावशी कंबर हलवते त्याच क्षणी ढोलकीवर थाप पडते, तेव्हा तमाशाचा फड असाच हसतो.

कॅनडात स्थायिक झालेला स्कॉटिश माणूस नॉर्मन मॅकलॅरन याच्यावर या पुस्तकात सर्वांत जास्त पानं खर्ची पडली आहेत, कारण कॅमेराही नको म्हणणारा तो होता. फिल्मच्या पट्टीवर थेट शाईने काढायचं, खरवडायचं. १९४९च्या ‘बिगॉन डल केअर’मध्ये ऑस्कर पीटरसनच्या जॅझ पियानोबरोबर रंग धावतात. ‘नेबर्स’ (१९५२) या फिल्ममध्ये जिवंत माणसं बाहुल्यांसारखी चौकट-चौकट हलवली आहेत आणि आवाज कृत्रिमरीत्या फिल्मवरच तयार केलेला आहे. ‘सिंक्रोमी’त (१९७१) तर ध्वनिपट्टीवरचे पट्टेच रंगवून पडद्यावर मांडले, जे ऐकतो तेच पाहतो. आणि १९५७च्या ‘अ चेअरी टेल’मध्ये एक खुर्ची माणसाला आपल्यावर बसू देत नाही, तिथे सतार रविशंकरांची आणि तबला चतुरलालांचा. खुर्चीच्या रुसव्याला सतारीची मींड किती शोभते, हे वाचून कळणार नाही. पाहा.

पूर्व युरोपाबद्दल थोडक्यात. झाग्रेबकरांनी कमीत कमी रेघांत काम भागवलं आणि दुशान वुकोतिचच्या ‘सरोगेट’ला ऑस्कर मिळालं. प्रागमध्ये यिरी त्रन्का बाहुल्या हलवत होता. याच प्रागला शिकायला गेलेला एक तरुण मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये परतला. त्याचं नाव प्रमोद पती.

फिल्म्स डिव्हिजन १९४८ सालची. मुख्य सिनेमाआधी तिची रिळं दाखवणं थिएटरांना सक्तीचं होतं आणि ती चालू असताना प्रेक्षक चहा प्यायला बाहेर जात. १९५६ मध्ये तिथे कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेकडचे क्लेअर वीक्स शिकवायला आले, गो. के. गोखले, राम मोहन यांच्यासारखी मंडळी तिथे घडली. कुटुंबनियोजन, बचत, एकी हे विषय ठरलेले. त्याच सरकारी भिंतींच्या आत पतींनी १९६८ साली ‘एक्सप्लोरर’ केला. तरुणांचे चेहरे, नाच, यंत्रं, देवळं अशा तुकड्यांचा भडिमार, आणि त्यावर विजय राघव राव यांनी रचलेला आवाज. तो गाणंही नाही आणि पार्श्वसंगीतही नाही. ‘आबिद’मध्ये (१९७२) चित्रकार आबिद सुरती एका खोलीत स्वतःच ॲनिमेशनची बाहुली होऊन रंगांत उड्या मारतात. १९७५ साली पती गेले. सरकारी खर्चाने इतका बेबंदपणा पुन्हा झाला नाही, असं माझं मत. असहमत होणारे मित्र आहेत.

पती काम करत होते त्याच वर्षांत आणखी दोन दारं उघडली होती. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. मुंबईत अकबर पदमसींनी फेलोशिपच्या पैशांतून चित्रकारांसाठी कार्यशाळा काढली, तिथे त्यांनी शेकडो रेखाटनांची ‘सिझिजी’ ही फिल्म केली. ती पूर्ण मुकी आहे. आवाजावरच्या पुस्तकात मुकी फिल्म कशाला, असं कुणी म्हणेल. ती पाहताना डोक्यात जो ठेका आपोआप धरला जातो, त्यासाठी. ही दोन्ही दारं लवकरच मिटली. सिंथेसायझर अहमदाबादेत, चित्रकार मुंबईत, फिल्म सरकारकडे. एका खोलीत सगळे बसले असते तर, असं मनात येऊन जातं.

नंतरच्या पिढीतली दोनच नावं इथे घेतो. जे. जे.मध्ये शिकलेल्या गीतांजली राव यांनी २००६ साली ‘प्रिंटेड रेनबो’ हाताने रंगवला. एक म्हातारी, एक मांजर आणि काडेपेट्यांवरच्या चित्रांत शिरणारी तिची दुपार. संवाद नाहीत. कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये त्याला पुरस्कार मिळाले. फाळक्यांच्या काड्यांपासून राव यांच्या काडेपेटीपर्यंत नव्वद वर्षं जातात, हा योगायोग मला सुखावतो. दुसऱ्या नीना सबनानी. ‘टांको बोले छे’ (२००९) मध्ये कच्छच्या स्त्रिया स्थलांतराची हकीगत आपल्या आवाजात सांगतात आणि त्यांचं भरतकामच हलतं. टाका बोलतो, हे नावातच आहे.

आता मिरजेला येऊ. हे पुस्तक सातारा-सांगलीत बसून का लिहिलं, त्याचं उत्तर तिथल्या सतारमेकर गल्लीत आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तंतुवाद्यांकडे वळले आणि त्यांच्या वंशजांनी गाव जगाच्या नकाशावर नेलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानात बसून जवारी काढताना पाहावं. घोडीचा माथा कानशीने घासत कारागीर तारेला तिच्यावर नुसतं टेकू देत नाही, अंगभर लोळू देतो. तार कंप पावताना घोडीला पुन्हा पुन्हा चाटून जाते आणि एका स्वरातून दहा स्वर उमलतात. तारेखालचा दोरा केसभर सरकला की झणकार उघडतो किंवा मिटतो. मी मोबाइलवर तो आवाज टिपला, संगणकावर त्याची आकृती पाहिली आणि फिशिंगरची नक्षी आठवली.

चित्र आणि आवाज यांच्या नात्याबद्दल इंग्रजी पुस्तकांत पुष्कळ शब्द आहेत. आपल्याकडे बैठकीतले शब्द तयार आहेत, तेच मी वापरले. एक साथ: पेटीवाला गायकाच्या मागे जातो तसा आवाज चित्रामागे जातो. डिस्ने तिथला. दुसरा सवाल-जवाब: कलगी-तुऱ्यातल्यासारखं चित्राने डिवचायचं, आवाजाने उलटं उत्तर द्यायचं. पतींच्या फिल्म अशा आहेत. तिसरं नातं तानपुऱ्याचं. तो कुणामागे जात नाही, कुणाला उत्तर देत नाही. तो वाजत असतो म्हणून बाकीच्यांना आपण कुठे आहोत ते कळतं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांच्या गाण्यात सूर तानपुऱ्यात विरघळतो तसा. या तिसऱ्या जातीचे ॲनिमेशनपट जगातही थोडे आहेत. ते इथे व्हावेत, असा माझा स्वार्थ आहे. तालाचा हिशेबही आपल्या बाजूने आहे. सेकंदाला एक मात्रा धरली तर मात्रेला चोवीस चौकटी आणि त्रितालाच्या आवर्तनाला ३८४. लय दुप्पट करा, १९२. समेला चित्र कुठे असलं पाहिजे ते तबलजीला विचारा, सॉफ्टवेअरला नव्हे.

रेघेचा वारसाही इथलाच. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. त्यांच्या संग्रहालयात रविवर्म्यापासून हेन्री मूरपर्यंत कामं आहेत. त्याच संस्थानात किर्लोस्करवाडी होती, जिथून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली मासिक काढलं आणि व्यंगचित्रं काढली. औंध आज साताऱ्यात आणि वाडी सांगलीत, पण रेघ एकाच संस्थानातली. वाईला विश्वकोशाचं कार्यालय असून ॲनिमेशनला रुळलेला मराठी शब्द मात्र नाही. ‘कार्टून’ म्हटलं की लहान मुलांना समोर बसवतात. मी कंटाळून ॲनिमेशन हाच शब्द ठेवला आहे.

हे आत्ताच का? २०२५च्या ऑस्करमध्ये ‘फ्लो’ ही लॅटव्हियाची फिल्म जिंकली. तिच्यात एकही संवाद नाही आणि ती ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेली आहे. तिचा दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस याने त्याआधीची ‘अवे’ संगीतासकट एकट्याने केली होती. कराडच्या किंवा विट्याच्या मुलाकडे आज तेवढी साधनं फोनमध्ये आहेत. शिवाय चित्रं आता यंत्रही काढून देतं, भराभर आणि गुळगुळीत. त्याने मी घाबरलेलो नाही, पण सावध आहे. यंत्राकडे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्कीच्या खाली उभं राहिल्यावर पाठीत जाणवणारा घुमारा नाही, सौद्यातला हळदीचा पुकारा नाही, पहाटेचा कारखान्याचा भोंगा, तासगावच्या बागेत फवारणीच्या ब्लोअरची घरघर, मेणवलीच्या घाटावरच्या १७०७ सालच्या पोर्तुगीज घंटेची लांबत जाणारी शेपटी यांतलं काही नाही. हे आधी कुणीतरी जाऊन टिपावं लागतं.

पुस्तक त्या टिपण्यापासून सुरू होतं आणि चित्रांकडे उशिरा येतं. ज्यांना सॉफ्टवेअरची बटणं शिकायची आहेत त्यांची निराशा होईल. बटणं दर वर्षी बदलतात. इतिहासही मी वाकडातिकडा सांगितला आहे, ज्या फिल्मने हात थांबवला तिथे रेंगाळलो, जपान आणि रशियाला जवळजवळ वगळलं. जपानवर लिहायला माझ्यापेक्षा तरुण माणूस हवा. ज्या फिल्मबद्दल लिहिलं आहे त्यांतल्या बऱ्याच आज इंटरनेटवर सापडतात. दोनदा पाहाव्यात: एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्याकडे पाठ करून.

शेवटची काही पानं कोरी सोडली आहेत. प्रत्येक ओळीत चोवीस चौकटी आहेत, एक ओळ म्हणजे एक सेकंद. घरातला कुठलाही आवाज घ्या, कुकरची शिट्टी चालेल, आणि तो कुठल्या चौकटीत सुरू होतो, कुठे चढतो, कुठे मरतो ते भरा. पेन्सिलने भरा. पहिल्या खेपेला खोडावं लागतं.